युद्धकाळातला सिगार आणि सोलापूरची विडी

विन्स्टन चर्चिल यांनी 11 मे 1947 रोजी पॅरिसजवळच्या ल बुर्जे विमानतळावर अर्धवट ओढून ठेवलेला एक सिगार 2017 साली अमेरिकेतल्या लिलावात बारा हजारांहून अधिक डॉलरला गेला. थोटकाची ही किंमत! सोलापूरच्या पूर्व भागात दिवसाला आठशे-हजार विड्या वळणाऱ्या बाईला हा आकडा सांगावा, तर ती मांडीवरचं सूप सावरत एवढंच विचारील, की वळणाऱ्याला त्यातले किती मिळाले? लिलावाच्या यादीत या प्रश्नाला रकाना नसतो.

पण आधी सिगारबद्दल. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला म्हणून विकायला येणारा हवाना सिगार ओळखायचा तो पेटीवरून, कारण सुटा सिगार आपलं वय सांगत नाही. क्यूबाच्या सरकारी हमीचा हिरवा शिक्का 1912च्या कायद्यापासून पेटीवर लागू लागला. पेटी उलटी करून बुडाची अक्षरं वाचावीत. क्रांतीनंतर, साधारण 1961पासून, तिथे स्पॅनिशमध्ये ‘एचो एन कूबा’ असा ठसा दिसू लागतो. त्याआधी हीच ओळख इंग्रजीत असे. कारखान्याचे सांकेतिक शिक्के बरेच नंतरचे, 1985चे. असा शिक्का असलेली पेटी कुणी आजोबांच्या पलटणीतली म्हणून दाखवली, तर चहा घेऊन उठावं.

त्यातही एक मेख आहे. युद्ध पेटल्यावर डॉलर वाचवण्यासाठी ब्रिटनने हवाना सिगारची आयात बंद केली आणि ते गिऱ्हाईक साम्राज्यातल्या जमैकाकडे वळलं. जमैकाचा सिगारधंदा वाढला तो त्या काळात. म्हणजे लंडनच्या दुकानातला अस्सल ‘युद्धकाळी’ सिगार बहुधा जमैकाचा असणार. हवाना असेल तर युद्धापूर्वीच्या साठ्यातला किंवा भेट आलेला. चर्चिल यांना 1941 साली क्यूबाकडून हजारो सिगार भेट आले होते, आणि त्यात कुणी विष कालवलं नाही ना, याची तपासणी करावी लागली. सामान्य सैनिकाला ही चैन नव्हती. अमेरिकी बाजारात तर भाव ठरवणारी तारीख युद्धाची नाहीच, ती फेब्रुवारी 1962मधल्या क्यूबावरील निर्बंधांची आहे. त्याआधीचा माल तिथे कायद्याने विकता येतो, म्हणून महाग.

आपल्याकडचे सिगार तमिळ मुलखातले. तिरुचिरापल्लीचा चिरूट इतका प्रसिद्ध होता, की 1887च्या पहिल्याच कथेत शेरलॉक होम्स नुसत्या राखेवरून तो ओळखतो. दिंडीगुलचा तंबाखू मद्रासच्या स्पेन्सर कंपनीने जगभर नेला. जुन्या मराठी वाड्यात सिगारची लाकडी पेटी सापडलीच, तर ती या दक्षिणी मालाची असण्याचा संभव हवानापेक्षा मला अधिक वाटतो.

ओढण्याचं काय? सिगारला पासष्ट ते सत्तर टक्के आर्द्रता आणि थंडावा लागतो. सोलापूरचा मे महिना त्याचा काळ आहे. पारा चाळिशीपार गेला आणि हवा कोरडी झाली, की वरचं पान तडकतं. दमट खोलीत ठेवला, तर तंबाखूतला किडा सुईने टोचल्यासारखी भोकं पाडतो. पानावरची पांढरी भुकटी मुरल्याची खूण म्हणून कौतुकाने दाखवतात. ती बहुतेक वेळा बुरशी असते. सुकलेल्या सिगारला ओलावा द्यायचा तो महिनोन्‌महिने, थोडाथोडा. आणि इतकं करून ऐंशी वर्षांचा सिगार पेटवला, तर हाती येतो फिका, मऊ, जुन्या कागदाच्या वळणाचा धूर. गिऱ्हाईक पैसे मोजतं ते कथेचे. चवीपुरता विचार केला, तर हा सौदा मला पटत नाही.

विडीचा हिशेबच उलटा. तेंदूचं पान भिजवायचं, पत्र्याच्या मापाने कात्रीने कापायचं, चिमूटभर तंबाखू घालून वळायचं, तोंड मोडायचं, दोरा गुंडाळायचा. कारखान्यात ती भट्टीत शेकली जाते. कोरडेपणा हाच तिचा गुण असल्याने मुरवणं हा प्रकारच नाही. वर्षं लोटली की पान चुरतं. जुनी विडी टिकत नाही, टिकतं ते कट्ट्यावरचं लेबल. किंमत आण्यांत असेल, तर ते बहुधा 1 एप्रिल 1957पूर्वीचं असणार. ‘मुंबई राज्य’ छापलेलं 1 मे 1960च्या आधीचं. पत्त्यात 413ने सुरू होणारा पिनकोड असेल, तर 15 ऑगस्ट 1972 नंतरचं. चित्रमय इशारा 31 मे 2009पासूनचा. महायुद्धाचीही एक सावली या धंद्यावर आहे: तिजोरीला पैसा हवा म्हणून 1943 साली सरकारने तंबाखूवर अबकारी कर बसवला.

लेबलावर मालकाचा फोटो असतो, देव असतो, वाघ असतो. वळणारीचं नाव नसतं. सोलापुरात ती बहुधा तेलुगू भाषक, पद्मशाली घरातली. पुरुष मागावर, बाई सुपाशी, अशी या गावाची कित्येक दशकं गेली. पाने आणि तंबाखू कारखान्यातून मोजून मिळणार, वळलेला माल परत मोजून घेतला जाणार, आणि छाट, म्हणजे नापसंत विड्या, निघाली की मेहनत फुकट. घरी काम दिल्याने कारखान्याचे कायदे चुकवता येत. 1966च्या विडी आणि सिगार कामगार कायद्याने विडी वळणारे आणि सिगार वळणारे, दोघांना एकाच नावाखाली घेतलं. 1985 साली सर्वोच्च न्यायालयाने घरी वळणाऱ्यांचाही भविष्य निर्वाह निधीवरचा हक्क मान्य केला. कामगार नेते आडम मास्तरांच्या चळवळीतून कुंभारीजवळ गोदूताई परुळेकर वसाहतीत विडी कामगार बायकांसाठी दहा हजार घरं उभी राहिली. या शहरातल्या विडीच्या इतिहासात यापेक्षा मोठी कमाई मला दिसत नाही.

हे सगळं लिहिताना धुराचं समर्थन करायचं नाही. 2016-17च्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सात कोटींहून अधिक प्रौढ विडी ओढत होते; विडी सिगारेटपेक्षा सौम्य असते ही समजूत खोटी आहे. वळणारीही तंबाखूची धूळ रोज श्वासातून घेते. धंदा आटावा, पण या हातांना दुसरं काम मिळाल्यावर.

तुमच्या घरी आजीची विडीची कात्री, पत्र्याचं माप, मजुरीचं पुस्तक किंवा लेबलांचा गठ्ठा असेल, तर रद्दीत घालू नका. लेबलं कोरड्या कागदांत सपाट ठेवा, आणि मागे पेन्सिलीने एक गोष्ट जरूर लिहा: विड्या वळणारीचं नाव.