गामा नाइफनंतरची वर्षे


काहींच्या मेंदूत रोहिणी व नीला केशवाहिन्यांशिवाय थेट जोडल्या जाऊन गुंता होतो. तो फुटल्यास रक्तस्राव होतो. १९९७ साली मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात यावर गामा नाइफ उपचार सुरू झाले. कवटी न उघडता किरण गुंत्यावर एकवटतात. रक्तवाहिन्या आतून जाड होत २ ते ३ वर्षांत बंद होतात. लहान गुंते शंभरात सुमारे ७० ते ८० बंद होतात, मोठे कमी. तोवर रक्तस्रावाचा धोका वर्षाला शंभरात २ ते ४ राहतोच. क्वचित अनेक वर्षांनी त्या जागी पाण्याची गाठही होते. म्हणून मूल खेळू लागले तरी तपासण्या थांबवू नयेत. कॅम्पातून मुंबई लांब खरी. पण फेरी चुकवू नये, फाईल जपावी.