तळ्यातला मासा जगवायचा तर बांधावर सौदा करावा लागेल



बोटुकली सोडायचे दिवस जवळ आलेत. त्याआधी एक विषय तुमच्यापुढं ठेवतोय. जरा लांबलाय, पण शेवटपर्यंत वाचा, कारण निर्णय तुम्हालाच घ्यायचाय.

मोठा पाऊस झाला की काही दिवसांनी तळ्याचं पाणी गर्द हिरवं पडतं आणि पहाटे कटला-रोहू वर येऊन तोंड वासायला लागतात. हे आपण सगळ्यांनी बघितलंय. होतं असं: शेतातला युरिया, डीएपी आणि वरची माती ओढ्यातून तळ्यात येते. त्या खतावर शेवाळ माजतं. दिवसा उन्हात ते ऑक्सिजन सोडतं, पण रात्री तेच ऑक्सिजन ओढतं. मेलेलं शेवाळ कुजताना आणखी ऑक्सिजन जातो. म्हणून दिवस उगवायच्या आधी ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो. ठेका आपण भरायचा, बीज आपण सोडायचं आणि नुकसानही आपणच सोसायचं.

मग शेतकऱ्याला दोष द्यायचा का? आपल्याच कितीतरी घरांत शेती आहे. भाव बघा. युरियाची 45 किलोची गोणी साधारण 266 रुपयांना, म्हणजे किलोला सहा रुपये. डीएपीची 50 किलोची गोणी 1350 रुपयांना, म्हणजे किलोला 27 रुपये. 2010 मध्ये सरकारनं बाकीच्या खतांचं अनुदान त्यातल्या अन्नद्रव्यावर ठरवलं, पण युरिया त्यातून बाहेर ठेवला. स्वस्त आहे म्हणून युरियाचा हात सैल सुटतो. सोयाबीनच्या मुळावरच्या गाठी हवेतला नत्र धरतात, त्याला युरिया फार लागत नाही. तरी टाकला जातो. म्हणजे पाणी बिघडण्यामागं बाजारभावही आहे. म्हणूनच जगात काही ठिकाणी पाणी सुधारायलाही बाजाराचाच उपाय वापरलाय.

न्यूझीलंडचं टाउपो सरोवर. तिथल्या प्रादेशिक परिषदेनं नियम केला की सरोवराभोवतीच्या प्रत्येक शेतातून किती नत्र झिरपू द्यायचा याची मर्यादा राहील. मर्यादेपेक्षा कमी वापरणारा आपला उरलेला वाटा दुसऱ्याला विकू शकतो. सरकार आणि स्थानिक करदात्यांच्या जवळपास 8 कोटी डॉलरच्या निधीतून एका ट्रस्टनं असे वाटे कायमचे विकत घेतले आणि एकूण नत्र 20 टक्के कमी करायचं ठरवलं. 2015 पर्यंत ते खरेदीचं काम पुरं झालं.

फ्रान्सचं व्हिटेल. तिथं झऱ्याचं पाणी बाटलीत भरून विकणाऱ्या कंपनीला आसपासच्या मक्याच्या शेतीतून नायट्रेट यायची भीती होती. 1990 नंतर कंपनीनं शेतकऱ्यांशी लांब मुदतीचे करार केले. मका आणि रासायनिक औषधं सोडा, गवत आणि लसूणघास घ्या, जनावरांचं शेण कुजवून वापरा; त्या बदल्यात हेक्टरी पैसे आणि मदत घ्या. शेतकरी टिकला, झराही टिकला.

आपल्या देशात 2023 मध्ये पीएम-प्रणाम योजना आली. राज्यानं रासायनिक खताचा वापर कमी केला तर वाचलेल्या अनुदानातला निम्मा पैसा राज्याला मिळतो. विचार चांगला आहे, पण तो पैसा राज्याकडं जातो. आपल्या ओढ्याकाठच्या शेतकऱ्याला त्यातून आज कारण मिळत नाही.

टाउपोसारखा बाजार आपल्याला झेपणार नाही. दोन-तीन एकराच्या प्रत्येक शेतातून किती नत्र गेला, हे मोजणार कोण? व्हिटेलचा मार्ग मात्र लहान करून जमेल. आमचा विचार असा:

1. तळ्याला मिळणाऱ्या ओढ्याच्या काठावर ज्यांची शेतं आहेत, त्यांनी दहा-पंधरा फूट गवताची पट्टी सोडावी. वैरण त्यांचीच. पट्टीत माती अडते, आणि मातीबरोबर येणारं स्फुरदही. विरघळलेला नत्र सगळा अडणार नाही, तेही सांगून ठेवतो.
2. मोठ्या पावसाचा अंदाज असताना युरिया टाकू नये. दोन हप्त्यांत द्यावा.
3. बदल्यात संस्थेनं त्या घरांना सभासदाच्या भावानं मासळी द्यावी, आणि उन्हाळ्यात परवानगी काढून तळ्यातला गाळ त्यांच्या शेतात न्यायला मदत करावी. वाहून आलेली माती परत त्यांच्याच रानात जाईल.

काही सभासद म्हणतील, "घाण त्यांची, खर्च आपण का करायचा?" प्रश्न रास्त आहे. प्रदूषण करणाऱ्यानंच भरपाई द्यावी, हे तत्त्व सुप्रीम कोर्टानं 1996 मध्येच मान्य केलंय. पण कारखान्याचा पाइप दाखवता येतो. शंभर शेतांतून आलेल्या पाण्यात कुणाचं खत किती, हे दाखवता येत नाही. भांडण जिंकलं तरी त्या पावसाळ्यात मासा मेलेलाच असेल.

आणि आपलं घरही बघू. मासा लवकर वाढावा म्हणून तळ्यात कोंबडीखत टाकायची सवय आपल्यातही आहे. ती बंद केल्याशिवाय दुसऱ्याकडं बोट दाखवायचा आपल्याला अधिकार नाही.

पुढच्या सभेत हा विषय ठेवतोय. तुमच्या तळ्याच्या ओढ्याकाठी कुणाकुणाची रानं आहेत, ते आठवून या. त्यांच्यातल्या एखाद्याला बरोबर घेऊन आलात तर आणखी चांगलं.

आपला,
सचिव