वातानुकूलन यंत्रातील बुरशी आणि बालदमा

ऑगस्ट २००६ मध्ये तापीच्या पुराने सुरतेचा मोठा भाग पाण्याखाली गेला, तेव्हा भिंतींवरील बुरशी सर्वांनीच पाहिली. एसीच्या आतील बुरशी मात्र सहसा दृष्टीस पडत नाही. थंड कॉइलवर हवेतील बाष्पाचे पाणी होते, त्यात धूळ मिसळते आणि निचरा तुंबला की तेथे अ‍ॅस्परजिलस, क्लॅडोस्पोरियम यांसारख्या बुरशी वाढतात. यंत्र सुरू होताच त्यांचे बीजाणू खोलीभर पसरतात व संवेदनशील बालकांत शिंका, खोकला, दम्याची उबळ उद्भवते.

एसी लावताच कुबट वास येणे व त्याच खोलीत मुलाचा खोकला बळावणे, ही खूण पालकांनी डॉक्टरांना अवश्य सांगावी. फिल्टरची जाळी दर पंधरवड्यास धुऊन पूर्ण वाळवावी. कॉइल व निचऱ्याची नळी हंगामापूर्वी तंत्रज्ञाकडून स्वच्छ करून घ्यावी. त्या वेळी मुलास दूर ठेवावे. नवागामातील ज्या घरी कूलर आहे, तेथे टाकी दर आठवड्यास रिकामी करून, घासून कोरडी करावी. डेंग्यूच्या डासांनाही त्याने आळा बसेल. नुसते औषध फवारून ओल तशीच ठेवल्यास बुरशी पुन्हा येते.

घर स्वच्छ झाले म्हणून दम्याचा पंप मात्र परस्पर बंद करू नये. स्वच्छता ही औषधाची जोड आहे, पर्याय नव्हे.