पुन्हा शिडाची होडी घ्यावी काय?

सेवानिवृत्ती दोन वर्षांवर आली की माणसाला निवांतपणाची स्वप्ने पडू लागतात. कोणी गावच्या घराची कौले परतून घेतो, कोणी कुळागरात लक्ष घालू लागतो, कोणी चारधाम यात्रेची आखणी करतो. आम्हां उभयतांना मात्र पुन्हा होडीचे वेध लागले आहेत. तरुणपणी आमची एक 18 फुटी लाकडी शिडाची होडी मांडवीत असे. मुलांच्या उच्च शिक्षणाचा खर्च समोर उभा राहिला तेव्हा ती विकली आणि त्याचे दुःखही फार दिवस केले नाही. आता मुले आपापल्या मार्गाला लागली आहेत, आणि मिरामारला फिरावयास गेले की आमची नजर आग्वादच्या बाजूला एखादे शीड दिसते का ते शोधू लागते.

मनात आहे ती शर्यतीची होडी नव्हे. दोघांना आडवे होण्यापुरती केबिन, एक स्टोव्ह, पिण्याच्या पाण्याची टाकी आणि मागे टांगलेले लहान इंजिन, एवढे असले की चार दिवस तिच्यातच राहता येते. अशी होडी घ्यायची म्हटले की जाणकार स्नेह्यांचा पहिला उपदेश एकच असतो: आता वय झाले, मोठी घ्या, आरामाची घ्या. हा उपदेश आम्हांला पटत नाही. होडीची लांबी 20 फुटांवरून 26 फुटांवर नेली तर फरक जेमतेम सहा फुटांचा दिसतो. परंतु एकाच घडणीच्या होड्यांचे वजन साधारणतः लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे येथे ते दुपटीहून अधिक होते. शिडे, दोर, नांगर, तळाचा रंग, किनाऱ्यावर ओढून घेण्याची मजुरी, सारे त्या वजनाच्या मागून येते. आणि वेग? पाण्यालगतची लांबी 20 फूट असेल तर अशी होडी ताशी सुमारे सहा सागरी मैलांच्या पुढे सहसा जात नाही; 25 फूट असेल तर पावणेसातच्या. एवढ्यासाठी दुप्पट ओझे कशाला वाहावे?

आमच्या दिवाडी बेटावर बांधलेल्या 56 फुटी ‘म्हादेई’तून कमांडर दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, याचा आम्हां गोमंतकीयांना रास्त अभिमान आहे. तथापि आमच्या मनाला अधिक जवळचे वाटतात ते जपानचे केनिची होरिए. 1962 मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्यांनी 19 फुटी होडीतून एकट्याने पॅसिफिक महासागर ओलांडला. पुढे 2022 मध्ये, 83 वर्षांचे असताना, सॅन फ्रान्सिस्कोहून जपानकडे तोच महासागर त्यांनी पुन्हा एकट्याने पार केला, आणि होडी पुन्हा 19 फुटीच! साठ वर्षांनी पुन्हा तोच महासागर ओलांडतानाही त्यांना मोठी होडी घ्यावीशी वाटली नाही. अर्थात ती माणसे निराळी. आमची धाव वेंगुर्ल्यापर्यंत, फार तर मालवणपर्यंत.

वेंगुर्ले आग्वादपासून सरळ रेषेत सुमारे 23 सागरी मैल. पण येथे वाऱ्याचे गणित मांडावे लागते. हिवाळ्यात व उन्हाळ्यात पहाटे जमिनीवरून मतलई वारा सुटतो आणि दुपारी समुद्रावरून वायव्येचा खारा वारा येतो. उत्तरेकडे जाणाऱ्याला तो दुपारचा वारा जवळजवळ तोंडावर येतो. म्हणून जाताना अंधारात नांगर उचलावा, मतलईवर जमेल तेवढे अंतर कापावे आणि उरलेले नागमोडी वाटेने, वेळ पडल्यास इंजिन लावून, पार करावे. परतीला तोच वायव्येचा वारा पाठीशी असतो. तांडेलांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

समुद्राला नको म्हटले तरी नद्या आहेतच. चोडणच्या पक्षी अभयारण्याजवळ एखादी रात्र काढावी, पुढे कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीत उतरावे. त्यासाठी तळाखालचे पाते वर उचलता येईल आणि पुलांखालून जाण्यासाठी डोलकाठी आडवी करता येईल अशी उथळ होडीच हवी. पणजीजवळच्या मांडवीत आता तरंगत्या कॅसिनोंची आणि भरधाव बोटींची जी गर्दी झाली आहे, तिच्यातून शिडावर वाट काढण्यात मात्र काही सुख उरलेले नाही.

पावसाळ्याचा विचारही टाळता येत नाही. आग्वादची मुखवाट त्या दिवसांत लहान होड्यांना धोक्याची असते. मे संपण्यापूर्वी होडी किनाऱ्यावर घेऊन, डोलकाठी उतरवून, झाकून ठेवायची ती थेट सप्टेंबर सरेपर्यंत. पुन्हा आमच्या ऊबदार पाण्यात तळावर शेवाळ आणि शंखशिंपल्यांची पुटे झपाट्याने चढतात. किमतीचा दहावा हिस्सा दरवर्षी देखभालीला ठेवावा, असा एक जुना ठोकताळा आहे. तो पेन्शनीत बसवूनच खरेदीचा आकडा ठरवायचा, हे आमचे ठरले आहे.

तथापि या साऱ्याहून आम्हांला भेडसावणारा प्रश्न वेगळाच आहे. दोघांपैकी एक पाण्यात पडला तर दुसऱ्याला त्याला वर घेता येईल काय? तरुणपणी हा विचार शिवलाही नव्हता. आज आमच्यातील एकाचा गुडघा शस्त्रक्रियेतून गेलेला, दुसरीचा खांदा आखडलेला. गेल्या मार्चमध्ये एका स्नेह्याच्या 24 फुटी होडीवर आम्ही हा प्रयोग करून पाहिला. (कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत, तेव्हा तेथे नव्हे.) भिजलेल्या कपड्यांनिशी 75 किलोंच्या माणसाला हाताने काठावर ओढून घेणे अशक्य झाले. चार पदरी दोराची कप्पी लावली तेव्हा ओढ सुमारे चौथ्या हिश्श्यावर, घर्षण धरता थोडी अधिक, आली. तरीही काम संपायला अकरा मिनिटे लागली, आणि तीही नदीच्या संथ पाण्यात, दोघे शुद्धीवर असताना! लाटांत काय होईल ते न बोललेलेच बरे.

त्या दिवसापासून आमच्या पसंतीचे माप बदलले. काठ पाण्यापासून बुटका हवा. मागच्या बाजूला पक्की शिडी हवी, आणि तिच्या किमान दोन पायऱ्या पाण्याखाली उतरायला हव्यात. सुकाणूपासून न उठता शीड आखडता यायला हवे; एकटे असताना पट्टा कमरेला बांधून होडीला अडकवलेलाच हवा. नवऱ्याने सुकाणू धरायचे आणि बायकोने चहा करायचा, ही जुनी वाटणी तर आता परवडणारीच नाही. इंजिन चालू करणे, होडीचे तोंड वाऱ्याकडे वळवून ती थांबवणे, रेडिओवरून मदत मागणे, हे दोघांनाही सारखेच आले पाहिजे. (चहाही दोघांना आला पाहिजे, अशी एक दुरुस्ती घरातूनच सुचवण्यात आली आहे.)

जुनी फायबरग्लासची होडी घेताना बाकीची तपासणी नेहमीचीच. तळावर फोड आले आहेत का ते पाहावे, लाकडी मुठीने ठोकत जावे आणि आवाज बद्द येईल तेथे थांबावे. डोलकाठी ताणून धरणाऱ्या तारा दहा-बारा वर्षांच्या झाल्या असतील तर, वरून चकचकीत दिसल्या तरी, बदलण्याचा खर्च धरावा. उन्हात उघडी राहिलेली शिडे जवळजवळ मोडीतच काढावीत.

दिवाळीनंतर शापोऱ्याच्या बाजूची एक 20 फुटी होडी पाहावयास आम्ही जाणार आहोत. मालकाने पत्रातून शिडांचे व इंजिनाचे वर्णन सविस्तर कळवले आहे. शिडीबद्दल अवाक्षर नाही. मोजपट्टी बरोबर घेतली आहे. काठाची उंची आधी मोजू, आणि मग दोघेही, एकामागून एक, पाण्यात उतरून वर चढून पाहू. किमतीचे बोलणे त्यानंतर.