रेझ्युमेवर फोटो लावावा का?
हे अर्ज कोणत्या देशात जातो त्यावर ठरते. अमेरिकेत फोटो टाळतात. चेहऱ्यावरून वंश, वय, लिंग कळते. उद्या भेदभावाचा दावा नको, म्हणून कंपन्यांनाच फोटो नको असतो. जर्मनीत २००६च्या समान वागणूक कायद्यानंतर सक्ती उरली नाही, पण स्टुडिओत काढलेला फोटो लावण्याची सवय टिकून आहे. जपानी छापील रेझ्युमेत तर फोटोसाठी चौकटच असते.

भारतात एमपीएससी किंवा बँक भरतीच्या अर्जात फोटो लागतोच. परीक्षा केंद्रावर त्यावरून ओळख पटवतात. खासगी नोकरीच्या रेझ्युमेत मात्र, अभिनय-मॉडेलिंग सोडल्यास, ती जागा अनुभवाला दिलेली बरी. लावायचाच तर साध्या पार्श्वभूमीचा, अलीकडचा लावावा. लग्नाच्या ग्रुप फोटोतून कापलेला, शेजारच्याचा खांदा दिसणारा तर नकोच.