एचआयव्ही : पहिल्या आठवड्यांतली पडझड

‘एचआयव्ही शरीरात शिरला तरी आठ-दहा वर्षं काही होत नाही,’ असं आजही सर्रास ऐकू येतं. बाहेरून माणूस धडधाकट दिसतो, हे खरं. पण मोठी पडझड पहिल्या काही आठवड्यांतच होते, आणि ती होते आतड्यात. रोगप्रतिकारक लिम्फोसाइट पेशींचा मोठा वाटा रक्तात नव्हे, तर आतड्याच्या अस्तरात आणि लसिकाग्रंथींत असतो. त्यांपैकी सीडी-४ पेशी हे एचआयव्हीचं मुख्य लक्ष्य. आतड्यातल्या बहुतेक सीडी-४ पेशींवर सीसीआर-५ नावाचं प्रथिन असतं, आणि पेशीत शिरायला विषाणूला बहुधा तेच लागतं. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत, लागण अगदी ताजी असलेल्या रुग्णांच्या आतड्यातून या पेशी मोठ्या प्रमाणात नाहीशा झालेल्या आढळल्या. रक्तातली घट त्या मानाने कितीतरी कमी होती. म्हणून ‘रक्तातला सीडी-४चा आकडा चांगला आहे, गोळ्यांची घाई कशाला?’ हा हिशेब मला धोक्याचा वाटतो. भारतातही २०१७पासून सीडी-४ कितीही असला तरी निदान होताच एआरटी, म्हणजे विषाणूरोधक औषधं, सुरू करण्याचं धोरण आहे.

प्रतिकारशक्ती या काळात गप्प बसते, हेही खरं नाही. दोन ते चार आठवड्यांत अनेकांना ताप, घसादुखी, पुरळ, मानेत गाठी असा त्रास होतो. ती लढाईचीच लक्षणं असतात. आपण ‘व्हायरल असेल’ म्हणून सोडून देतो. सीडी-८ या दुसऱ्या प्रकारच्या लिम्फोसाइट पेशी लागण झालेल्या पेशींना मारतात, रक्तातला विषाणू खाली आणतात. तो संपत मात्र नाही. काही सीडी-४ पेशींच्या डीएनएत तो तोवर मिसळून गेलेला असतो. त्या पेशी नवे विषाणू बनवतच नाहीत, मग सीडी-८ना त्या ओळखू कशा येणार? माकडांमध्ये एचआयव्हीच्या भाऊबंद विषाणूची लागण करून तिसऱ्याच दिवशी औषध दिलं, तरी ते थांबवल्यावर विषाणू परतला, असं २०१४मध्ये दिसलं. बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडायच्या नाहीत, ते यासाठी.

धोक्याच्या प्रसंगानंतर आठवड्याभरात केलेली तपासणी निगेटिव्ह आली, तरी निर्धास्त होऊ नका. अँटिबॉडी दिसायला काही आठवडे लागतात, आणि याच काळात रक्तातला विषाणू शिगेला पोचलेला असतो. तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. प्रसंग ताजा असेल, तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना गाठा. २८ दिवसांच्या गोळ्यांनी लागण टळू शकते. सरकारी रुग्णालयांतल्या आयसीटीसी (एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी) केंद्रांत तपासणी मोफत आणि गोपनीय असते. विचारायचा संकोच वाटत असेल, तर १०९७ या एड्स हेल्पलाइनवर फोन करा.