पाळी जाण्याच्या वयात स्तनात गाठ लागली? घाबरू नका, पण लपवूही नका

नागपूर : चाळिशी-पंचेचाळिशीत पाळी मागेपुढे व्हायला लागते. याच काळात छाती जड वाटते, ठणकते, कधी आंघोळ करताना हाताला गाठ लागते. मनात लगेच कॅन्सरचं भय येतं आणि लाजेपायी घरात कुणाला सांगितलंही जात नाही. खरं म्हणजे स्तनातल्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात.

असं का होतं?
पाळी जाण्याआधी काही वर्षे शरीरातलं इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी-जास्त होत राहतं. त्यामुळे स्तनात सूज येते, पाण्याच्या गाठी होतात. या गाठी ३५ ते ५० वयात जास्त दिसतात. पाळी कायमची थांबली की दुधाच्या ग्रंथी आक्रसतात, त्यांची जागा चरबी घेते आणि स्तन सैल पडतात. दुखणंही बहुधा कमी होतं. म्हणूनच पाळी थांबल्यावर नवीन गाठ आली, तर ‘वयाचं आहे’ म्हणून सोडून देऊ नका.

लगेच दवाखान्यात कधी जावं?
- गाठ कडक आहे, सरकत नाही
- त्वचेला खळी पडली किंवा ती संत्र्याच्या सालीसारखी दिसते
- स्तनाग्र नव्याने आत ओढलं गेलं किंवा त्यातून रक्त येतं
- काखेत गाठ आहे

‘दुखत नाही, म्हणजे काही नाही’ हा समज चुकीचा आहे. कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही.

तपासणी कशी होते?
डॉक्टर आधी हाताने तपासतात. मग सोनोग्राफी, मॅमोग्राफी आणि गरज पडली तर सुईची तपासणी. सुई टोचल्याने कॅन्सर पसरतो, ही भीती मनातून काढून टाका.

कुठे जावं?
तिशीनंतरच्या महिलांची स्तन तपासणी गावाजवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात करण्याची सरकारी योजना आहे. आशाताईंना विचारा. पुढच्या तपासणीसाठी नागपुरात मेडिकल, एम्स आणि राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर रुग्णालय आहे.

हाताने केलेली तपासणीही कामाची असते. मुंबईत टाटा रुग्णालयाने सुमारे दीड लाख महिलांचा २० वर्षे अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी तपासलेल्या पन्नाशीपुढील महिलांमध्ये स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी आढळले.

तेव्हा कापूस वेचणी संपू दे, लग्न आटोपू दे, असं म्हणत बसू नका. गाठ साधी निघाली तर जीवाचा घोर मिटेल. नसली तरी वेळेत उपचार सुरू होतील.